व्यसन: आजार ओळखू, उपचाराला नेऊ

(सामुदायिक रेडिओवर महिला बचत गटांसाठी दिलेलं भाषण)

आम्ही टेंभुर्णीहून बोलतोय, तालुका जाफराबाद, जिल्हा जालना. स्वयंपाक करता करता, सरकी निवडता निवडता, नाहीतर गटाच्या बैठकीला सतरंजीवर बसून तुम्ही ऐकत असाल. आजचा विषय असा आहे की तो बैठकीच्या अजेंड्यावर कधी लिहिला जात नाही, पण बैठक संपून चपला घालताना हमखास निघतो. "ताई, यांचं पिणं लई वाढलंय, काय करावं?" आज त्याच प्रश्नावर बोलू.

आधी एक हिशोब मांडू, कारण हिशोब आपल्याला चांगला समजतो. आपल्या गटात दहा जणी आहेत. प्रत्येकीची आठवड्याची बचत पन्नास रुपये. म्हणजे एका बाईचे वर्षाला 2,600 आणि अख्ख्या गटाचे 26,000 रुपये. आता एखादा माणूस रोज शंभर रुपयांची देशी पितो असं धरा. महिन्याचे तीन हजार, वर्षाचे 36,000 रुपये. दहा बाया पोटाला चिमटा घेऊन वर्षभर जेवढं साठवतात, त्याहून जास्त एकटा माणूस पिऊन टाकतो. यात बुडालेली मजुरी, दवाखाना, पडून फुटलेलं डोकं आणि लेकराची सुटलेली शाळा धरलेलीच नाही. म्हणून हा विषय कोणा एका घरातला, चार भिंतींच्या आतला राहत नाही. तो गटाचा विषय आहे. आपल्या दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहे, ते याच्यासाठीसुद्धा आहे.

आता पहिला प्रश्न. माणूस व्यसनी का होतो? गावात याची उत्तरं ठरलेली आहेत. "संगत वाईट." "नशीब फुटकं." "आईनं लाडावलं." आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारं, "बायको नीट असती तर पिला असता का?" हे शेवटचं उत्तर आपल्यातल्या कितीतरी जणींनी वर्षानुवर्षं ऐकून खरं मानलंय. म्हणून आधी ते बाजूला काढू. बायकोमुळे कोणी दारुडा होत नाही. भांडण हे पिण्याचं निमित्त होऊ शकतं. पण भांडणं कोणत्या घरात होत नाहीत? भांडण होणाऱ्या प्रत्येक घरात दारुडा नसतो.

व्यसन हा आजार आहे, असं जागतिक आरोग्य संघटनाही मानते. जसा मधुमेह, जसा रक्तदाब. तो एका कारणानं होत नाही, चार-पाच कारणं एकत्र येतात.

पहिलं कारण शरीराचं. आपल्या मेंदूत आनंद वाटण्याची एक जागा असते. भूक लागल्यावर जेवलो, लेकराला जवळ घेतलं, पहिला पाऊस पडला की तिथून बरं वाटण्याचा निरोप येतो. दारू, गर्द, तंबाखू, नशेच्या गोळ्या त्याच जागेवर घाला घालतात आणि तो निरोप कितीतरी पटीनं मोठा करतात. रोज असं झालं की मेंदू त्याला सरावतो. मग साध्या गोष्टींनी बरं वाटेनासं होतं. पहिल्याइतकंच बरं वाटायला जास्त प्यावं लागतं. पुढं पुढं तर बरं वाटण्यासाठी पिणं संपतं आणि हात थरथरू नयेत म्हणून सकाळी उठल्या उठल्या पिणं सुरू होतं. काही घरांत हा धोका रक्तातूनही येतो. बाप, आजा, चुलता पिणारा असेल तर त्या घरातल्या मुलाला व्यसन जडण्याची शक्यता जास्त असते. जास्त असते एवढंच, ठरलेली नसते. अशा घरातल्या पोरांनी पहिला घोटच टाळलेला बरा.

दुसरं कारण मनाचं. कोणाला लहानपणी मार बसलेला असतो, कोणाचं जवळचं माणूस गेलेलं असतं. कोणाला मनाचा आजार असतो, उदासी असते, धडधड होते, झोप लागत नाही. आपल्याकडे पुरुषानं रडायचं नसतं. मग तो पितो. दारूनं दोन तास विसर पडतो आणि उदासी दुसऱ्या दिवशी दुपटीनं परत येते.

तिसरं कारण परिस्थितीचं. आपला भाग कोरडवाहू. कापूस, सोयाबीन, मका. एका वर्षी पाऊस नाही, दुसऱ्या वर्षी भाव नाही. अंगमेहनत इतकी की संध्याकाळी अंग मोडून निघतं. ऊसतोडीला गेलेली जोडपी पहाटेपासून कोयता चालवतात, मग "अंगदुखीला औषध" म्हणून क्वार्टर येते. दुखणं खरं असतं, औषध खोटं असतं.

आणि चौथं कारण, जे आपण विसरतो, ते म्हणजे सहज मिळणं. पाणी आणायला अर्धा किलोमीटर जावं लागतं आणि पुडी दारात मिळते. लग्नाच्या वरातीत, निवडणुकीत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी करीला, कोण कोणाला पाजत नाही? सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या हातात पहिला ग्लास घरातलाच कोणीतरी देतो. जितक्या लहान वयात सुरुवात, तितका पुढं व्यसनाचा धोका मोठा, कारण त्या वयात मेंदूची वाढच पूर्ण झालेली नसते.

मग प्रश्न येतो, पिणारे सगळेच व्यसनी का? नाही. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सनं देशभर पाहणी केली, तिचा अहवाल 2019 साली आला. त्यात दारू पिणारे साधारण 16 कोटी निघाले आणि त्यातल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना दारूमुळे मदतीची गरज आहे, असं दिसलं. म्हणजे पिणाऱ्या दर तिघांत एकापेक्षा थोडे जास्तच. कोणत्या तिघांतला कोणता एक, हे पहिल्या घोटाला कोणालाच माहीत नसतं. त्याच अहवालातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर 38 माणसांमागे फक्त एकाला कसला तरी उपचार मिळतो. बाकीचे 37 घरीच असतात. शिव्या खात, मार देत, मार खात, नवस फेडत.

आपल्या माणसाचं पिणं आजारापर्यंत गेलंय का, हे ओळखायला डॉक्टर चार साधे प्रश्न विचारतात. पिणं कमी करावं असं त्याला स्वतःला कधी वाटलं का? कोणी पिण्यावरून बोललं की त्याला राग येतो का? प्यायल्याबद्दल मनाला टोचणी लागते का? सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला, डोकं उतरवायला तो घेतो का? यातल्या दोन प्रश्नांचं उत्तर हो आलं तर डॉक्टरला दाखवायची वेळ झाली. आणि एकट्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो असलं तरी थांबू नका.

आता मैत्रिणींनो, आज आम्ही जे सांगणार आहोत त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं इथं आहे. शेगडीवरचं भांडं खाली उतरवा आणि दोन मिनिटं ऐका.

खूप वर्षं, रोज, भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. त्यात जीव जाऊ शकतो.

आमच्या भागातल्या एका गटातली गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. एका ताईच्या मालकानं एकादशीला गळ्यात माळ घातली. घरात आनंदीआनंद झाला. पहिल्या दिवशी हात कापले, घाम आला, जेवण गेलं नाही. दुसऱ्या रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी तो भिंतीवरून मुंग्या झाडायला लागला. मेलेला भाऊ दारात उभा आहे म्हणाला, बायकोला ओळखेना. घरच्यांनी ठरवलं, बाहेरची बाधा झाली. अंगारा झाला, लिंबू झालं, रात्र गेली. पहाटे झटका आला, तेव्हा शेजारच्या आशाताईंनी 108 ला फोन लावला. माणूस वाचला. दवाखान्यात त्यांना कळलं की हे दारू अचानक तुटल्यामुळे होतं.

असं का होतं? दारू मेंदूला सुस्तावते. वर्षानुवर्षं ती रोज आली की मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून काम करायला शिकतो. दारू एकदम थांबली तरी जोर तसाच राहतो, आणि मेंदू बेफाम सुटतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, नसलेलं दिसतं, ताप चढतो. ही वेळ दवाखान्याची आहे. तिथं झोपेची आणि मेंदू शांत करणारी औषधं देतात, सलाईन लावतात, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. आठ-दहा दिवसांत औषधं हळूहळू कमी करतात. नशेच्या गोळ्यांचंही असंच आहे. ज्याला शहरातली पोरं बटन म्हणतात, त्या झोपेच्या गोळ्या बरेच दिवस खाल्ल्या असतील तर त्याही एकदम तोडायच्या नसतात, डॉक्टरच्या हाताखाली कमी करायच्या असतात.

म्हणून माळ घालू नका, असं आम्ही म्हणत नाही. माळेनं सुटलेली माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत. माळेबरोबर नवी संगत मिळते, रोजचा हरिपाठ मिळतो, वारी मिळते, चार माणसांत मान मिळतो. व्यसन सोडल्यावर माणसाला नेमकं हेच हवं असतं. पण जो सकाळपासून पितो, त्यानं आधी दवाखाना गाठावा आणि मग गळ्यात माळ घालावी.

दुसरी धोक्याची गोष्ट. पेपरात, भिंतीवर, मोबाईलवर जाहिरात असते, "न सांगता दारू सोडवा." पिठात, भाजीत, चहात कालवायची पुडी. आपल्यातल्या किती जणींनी ती पोस्टानं मागवली असेल देव जाणे. अशा पुडीत काय असतं, कोणाला ठाऊक नसतं. डॉक्टरांकडे डायसल्फिराम नावाची एक गोळी असते. ती घेतलेल्या माणसानं दारू प्यायली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली जातो. ज्याला हे माहीत आहे, तो त्या भीतीनं दारूपासून लांब राहतो. त्या गोळीचं काम असंच चालतं. माहीत नसलेला माणूस तीच गोळी पोटात असताना पिणार आणि जीवावर बेतणार. म्हणून चोरून काही द्यायचं नाही. औषध त्याच्या संमतीनं, तपासणी करून, डॉक्टरच्या चिठ्ठीवर.

आता उपचार म्हणजे काय, ते पायरीपायरीनं बघू.

पहिली पायरी शरीरातून नशा उतरवण्याची. ती आत्ताच सांगितली. पुष्कळ लोक इथंच थांबतात. "दहा दिवस ॲडमिट केलं, तीस हजार गेले, घरी आला आणि आठवड्यात प्याला." अहो, तो उपचाराचा उंबरठा होता, घर पुढं होतं.

दुसरी पायरी मन आणि सवय बदलण्याची. इथं समुपदेशक लागतो, गटातल्या गप्पा लागतात, दिनक्रम लागतो. कधी प्यावंसं वाटतं, कोणाबरोबर, कोणत्या वाटेनं गेल्यावर, पैसे हातात आल्यावर की भांडण झाल्यावर, हे त्याचं त्याला कळावं लागतं.

आपल्या महाराष्ट्रात हे काम ज्यांनी उभं केलं, त्यांची ओळख करून घेऊ. 1980 नंतरच्या वर्षांत पुण्या-मुंबईत ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, पसरली. लेखक अनिल अवचट यांनी त्या पोरांना भेटून त्यावर लिहिलं. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी देणगी दिली. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. दोघांनी मिळून 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. डॉ. अनिता 1997 साली कॅन्सरनं गेल्या, अनिल अवचट 2022 मध्ये गेले. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर पुढं काम सांभाळतात.

मुक्तांगणाकडून शिकण्यासारखं काय आहे? तिथं उपचार साधारण पाच आठवड्यांचा असतो. मारझोड नाही. आलेला माणूस स्वतः झाडलोट करतो, योगासनं करतो, गाणी म्हणतो, गटात बसून आपली कहाणी सांगतो. ऐकून घेणाऱ्यांत कितीतरी जण स्वतः त्याच वाटेनं गेलेले असतात, आता बरे होऊन इतरांना सावरतात. म्हणून तिथं "तुला काय कळणार" असं म्हणायला जागा राहत नाही. बायकांसाठी सहचरी नावाचा वेगळा गट आहे, कारण नवरा पितो तेव्हा बायकोही आतून आजारी पडलेली असते. नशेत अडकलेल्या स्त्रियांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभाग आहे. आणि दारू सुटून वर्ष झालं की तिथं वाढदिवस साजरा होतो. माणूस नव्यानं जन्मला म्हणून.

तिसरी पायरी औषधांची. प्यायची ओढ कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. मनाचा आजार बरोबर असेल तर त्याची वेगळी औषधं आहेत. गर्दसारख्या नशेसाठीही सरकारी केंद्रांतून औषध मिळतं. ही औषधं डॉक्टरच ठरवतात, शेजाऱ्याला लागू पडलेली आपल्याला चालत नाहीत.

चौथी पायरी सगळ्यात लांब, आणि तिथंच आपण दमतो. ती म्हणजे पाठपुरावा. महिन्या-महिन्याला दाखवायला जाणं आणि बरे झालेल्यांच्या संगतीत राहणं. 1935 साली अमेरिकेत बिल नावाचा एक धंदेवाला माणूस आणि बॉब नावाचा डॉक्टर, दोघंही अट्टल दारुडे, एकमेकांशी बोलून दारूपासून लांब राहिले. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, ही चळवळ जगभर गेली. आपल्याकडेही त्यांच्या बैठका मराठीतून चालतात. फी नाही, नाव उघड करत नाहीत. "जन्मभर पिणार नाही" अशी शपथ तिथं घेत नाहीत. "फक्त आज पिणार नाही" एवढंच म्हणतात, आणि उद्या परत तेच म्हणतात. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाच्या वेगळ्या बैठका असतात.

आणि मधेच परत प्याला तर? तेव्हा आपण म्हणतो, "गेले सगळे पैसे पाण्यात." नाही ताई. साखरेच्या रुग्णाची साखर दिवाळीत वाढली तर आपण दवाखाना सोडतो का? घसरणं हा या आजाराचाच भाग आहे. ज्या दिवशी घसरला त्याच आठवड्यात परत डॉक्टरकडे न्यायचं. कितीतरी माणसं दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सुटली आहेत.

एक सावधगिरी. व्यसनमुक्तीच्या नावानं काही ठिकाणी माणसाला साखळीनं बांधतात, मारतात, महिनोन् महिने घरच्यांना भेटू देत नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीनं बांधायला बंदी आहे, आणि दारू व नशेमुळे होणारे मनाचे आजारही त्या कायद्यात येतात. म्हणून केंद्र बघताना विचारा: नोंदणी आहे का, मानसोपचार तज्ज्ञ कधी येतात, घरच्यांना भेटता येतं का, पैशाची पावती देता का? उत्तर द्यायला कोणी कचरलं तर पाऊल मागे घ्या.

आता घरातल्या बाईनं काय करायचं? नवऱ्याची दारू सोडवणं ही तिची जबाबदारी नाही. पण काही गोष्टी तिच्या हातात आहेत.

बोलायचं असेल तर सकाळी, तो शुद्धीत असताना. प्यालेल्या माणसाशी वाद घालणं म्हणजे वाऱ्यात पाखडणं. बोलताना शिव्याशाप नकोत, घडलेलं सांगायचं. "काल पोरीच्या शाळेत पालकांची मीटिंग होती, तुम्ही रस्त्यात पडला होतात, ती रडत आली. मला भीती वाटते. आपण डॉक्टरकडे जाऊ, मी बरोबर येते." एवढंच. आज नाही ऐकलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा.

त्याचं निस्तरत बसू नका. गुत्त्यावरची उधारी आपण फेडायची, मुकादमाला "ताप आलाय" म्हणून सांगायचं, गटाचं कर्ज काढून त्याच्या हातात द्यायचं, हे सगळं मायेपोटी होतं. पण त्यामुळे पिण्याची किंमत त्याला कधी कळतच नाही, ती आपणच मोजत राहतो. आणि पाळता येणार नाही अशी धमकी देऊ नका. "उद्या माहेरी जाते" असं दहा वेळा म्हणून गेलो नाही, तर अकराव्या वेळी शब्दाला वजन राहत नाही.

आजार आहे म्हणून मार सहन करायचा, असं मात्र अजिबात नाही. आजारी माणसाला उपचाराचा हक्क आहे, हात उचलण्याचा नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं बाईला संरक्षण आहे. 112 वर पोलीस आणि 181 वर महिला हेल्पलाईन आहे. शेजारणीच्या घरातून ओरडण्याचा आवाज आला तर "त्यांच्या घरचं आहे" म्हणून कडी लावून घेऊ नका. दोघीतिघींनी मिळून दार वाजवा.

आणखी एक, आपल्या कापूसपट्ट्यातली गोष्ट. दारू तोडताना, कर्जाच्या ताणात, भांडणानंतर माणूस फवारणीच्या डब्याकडे जातो. "पितो आता औषध" हे शब्द कधी थट्टेवारी नेऊ नका. फवारणीचं औषध घरात उघड्यावर ठेवू नका, कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याजवळ. कोणी तसं बोललं तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा 14416 या नंबरवर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

दारूबद्दल बोलताना आपल्या पदराखालची डबी विसरून चालणार नाही. मिश्री, तंबाखू, गुल. 2016-17 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात दर चार मोठ्या माणसांत जवळपास एक जण खायचा तंबाखू वापरताना आढळला. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असं आपण म्हणतो. तो तंबाखूचा सराव आहे. गरोदरपणात मिश्री लावली तर बाळ कमी वजनाचं जन्माला येण्याचा धोका असतो. तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम, तोंड उघडायला त्रास असं काही दिसलं तर लगेच दाखवा. तंबाखू मात्र दारूसारखी जीवघेणी तुटत नाही. चिडचिड होईल, डोकं दुखेल, पण हळूहळू उतरतं. लेकराला दुकानातून पुडी आणायला पाठवणं आजपासून बंद करू. 18 वर्षांखालच्याला तंबाखू विकणं गुन्हा आहे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकायलाही बंदी आहे.

शेवटी गटानं काय करायचं? आम्ही आमच्या बैठकांत जे ठरवतोय, ते सांगतो.

एक, वर्षातून दोनदा बैठकीत या विषयावर बोलायचं आणि त्या दिवशी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवायचं. जिचं घर पोळलंय तिला बोलायला लावायचं नाही, ती आपणहून बोलली तर मधे तोडायचं नाही. आणि तिथं ऐकलेलं पाणवठ्यावर न्यायचं नाही.

दोन, उपचारासाठी अंतर्गत कर्जात पहिला मान द्यायचा. ग्रामसंघाचा जोखीम निधी अशाच वेळेसाठी आहे. पैसे बाईच्या हातात, दवाखान्याची पावती गटात.

तीन, सोबत द्यायची. जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत आहे. बाई एकटी नवऱ्याला घेऊन केसपेपरच्या रांगेत उभी राहिली की निम्म्यातून परत येते. सोबत दुसरी असली की टिकते.

चार, बरा होऊन आलेल्या माणसाला गावात जागा द्यायची. "काय रे, किती दिवस टिकतोय बघू" असं म्हणणाराच त्याला पहिला ग्लास देतो. त्याला ग्रामसभेत, भजनात, शाळेच्या समितीत काम द्या. आणि लग्नाच्या पंगतीत आग्रह करणाऱ्याला गप्प बसवा.

पाच, गावात दारूच मिळू नये यासाठी कायद्याची वाट आहे. गडचिरोलीत लोकांनी आंदोलन केलं, त्यात बाया पुढं होत्या, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग त्यांच्याबरोबर होते, आणि 1993 साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. आपल्यासाठीही आडवी बाटलीचा नियम आहे. परवानाधारक दुकान बंद करायचं असेल तर गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी करायची. मग गुप्त मतदान होतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. हातभट्टी तर मुळातच बेकायदा आहे. 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली, ती बहुतेक मजूर होती. पण एक ध्यानात ठेवा. दुकान बंद झालं तरी आजारी माणूस आजारीच राहतो. त्याच्यासाठी उपचाराची सोय त्याच दिवसापासून हवी, नाहीतर तो शेजारच्या गावात जाईल किंवा घरात फिट येऊन पडेल.

मैत्रिणींनो, पेन आणि वही जवळ असेल तर दोन नंबर लिहून घ्या, नसेल तर लेकराला सांगून मोबाईलमध्ये ठेवा. नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन 14446. टेलिमानस 14416. दोन्ही फुकट. आणि ही बाकीची खूण पाठ करा: पिणं थांबल्यावर हात कापतात, झोप नाही, नसलेलं दिसतं, ताप आहे, फिट येते, रक्ताची उलटी होते, तर अंगारा नाही, 108.

पुढच्या बैठकीला हजेरी झाली, बचत जमा झाली की सचिव ताईंनी एवढंच विचारायचं, "कोणाच्या घरी दवाखान्याला सोबत लागतीये का?" कोणी हात वर करणार नाही कदाचित. पण बैठक संपल्यावर, चपला घालताना, एक जण थांबेल. तिच्याबरोबर जायचा वार तिथंच ठरवून टाका.